छातीतला गाळ

सावरबोडीच्या तलावाच्या पाळीवर त्या सकाळी एवढी माणसं जमली होती, की खुद्द पाळ फुटली असती तरी एवढी धावली नसती. बैलगाड्या होत्या, ऑटो होते, गोंदियाहून आलेल्या काळ्या काचांच्या गाड्या होत्या. आंब्याखाली एकाने भज्यांची कढई चढवली होती. मे महिना म्हणजे गाळ काढायचे दिवस. तलाव निम्म्याहून जास्त आटला होता, पण गावातलं एकही फावडं तळात उतरलं नव्हतं. गाव दुसराच गाळ बघायला जमलं होतं, माणसांच्या छातीतला.

तो काढणारे होते श्री श्री श्वासेश्वर महाराज. एवढं लांब नाव घ्यायला खोकणाऱ्या माणसाला दम पुरत नाही, म्हणून लोक त्यांना नुसतं दमबाबा म्हणत. दिवाळीनंतर कधीतरी ते उगवले आणि पाळीवरच्या मारुतीशेजारी हिरव्या जाळीचा मांडव टाकून बसले. जटा होत्या, दाढी होती, आणि कफनीच्या खिशात दोन मोबाइल होते. बारा वर्षं कचारगडच्या गुफेत तप केलं, असं त्यांचा चेला दुर्गाप्रसाद माईकवरून दर तासाला सांगायचा.

"बोलो काका, कितने साल से खाँसी?" दुर्गाप्रसाद गरजला.

समोर केशोराव बसले होते. जन्मभर बिड्या फुंकलेला म्हातारा. "लय वर्सं झाले जी," ते म्हणाले आणि पुराव्यादाखल खोकले.

दुर्गाप्रसादने प्लास्टिकच्या झारीतून त्यांच्या उघड्या छातीवर 'भस्मजल' शिंपडलं. बाबांनी मातीच्या रांजणातून एक ओलं, पिवळसर फडकं काढलं. त्याला फडकं म्हणायचं नाही, पीतांबर म्हणायचं. ते छातीवर पसरून बाबांनी डोळे मिटले आणि ओरडायला सुरुवात केली, "निकल! निकल बाहेर! अरे धुरा, तेरा बाप आया है!" धुराला बापाची ओळख पटली असावी. फडक्यावर आधी काळे ठिपके उमटले, ठिपक्यांचे डाग झाले, आणि बघता बघता ते शाई सांडल्यासारखं काळं झालं.

"ये देखो! चाळीस साल का गाळ!" बाबांनी ते सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

जयजयकार झाला. बाया पदराने डोळे पुसू लागल्या. केशोरावांनी हळूच खोकून पाहिलं. खोकला होता तसाच होता, पण एवढ्या जयजयकारात तो ऐकायला कोणाला वेळ होता!

गर्दीच्या कडेला दुर्गेश्वरी उभी होती. देवरीकडच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी आदल्याच दिवशी माहेरी आली होती. वर्गात एखाद्या पोराने न समजता पाठ केलेलं उत्तर आणलं की त्याने तोंड उघडण्याआधीच तिला ते कळायचं. इथेही तिला तोच वास येत होता. एरवी ती मनमुराद हसली असती. पण पुढच्या रांगेत तिचा बाप बसला होता आणि बापाच्या खांद्याला टेकून बसला होता तिचा धाकटा भाऊ हेमेंद्र. खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आलेली, आणि बसल्याजागी धावून आल्यासारखा श्वास. तिला हसू येईना, संताप येत होता.

हेमेंद्र नागपूरला शिकायला गेला होता. खोलीवरच्या मित्रांनी आधी गांजा दिला, मग गर्द, म्हणजे हेरॉइनची पूड दिली. शिक्षण राहिलं बाजूला, पोरगा खोकत परत आला. तिथल्या डॉक्टरने छातीचा फोटो काढून स्पष्ट सांगितलं होतं, की फुप्फुसाला फुगे धरलेत, आता कसलाही धूर आत गेला तर जीवाशी गाठ आहे. औषधं दिली, पुन्हा बोलावलं. घरच्यांनी गावात सांगितलं, पोराला दमा झाला. ही सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर कोणी नागपूरचं नाव काढलं नव्हतं.

"बा, डॉक्टरनं पुन्हा बोलावलं होतं त्याले. काऊन नाई नेलं?" दुपारी जेवणं झाल्यावर तिने विचारलं.

"नेऊन का करू?" उदाराम म्हणाला. "त्यानं सांगतलं, छाती होती तशी होनार नाई. बाबा म्हनतेत, होते. मंग कोनाचं आयकू?"

"जो खरं बोलते त्याचं."

"मी तलावाचा मानूस आहो, दुर्गा. गाळ भरला तं काढा लागते. तुह्या डॉक्टरनं कवा गाळ काढला? बाबानं माह्या डोळ्यापुढं काढला."

इथेच सगळी मेख होती. उदाराम कापगते हा काही येडाबागडा माणूस नव्हे. त्याच्याच वाडवडिलांनी हा तलाव बांधला. पाणी सोडायचं तुडूम आजही त्याच्या हातून उघडायचं आणि पाळीवरून नुसतं चालत गेला तरी पाणी कुठे झिरपतंय ते त्याला समजायचं. तलावाचं दुखणं एकच, तळाशी गाळ साचतो. उपाय एकच, गाळ काढा. आयुष्यभर खरं ठरलेलं हे गणित त्याने पोराच्या छातीला लावलं होतं. आणि दमबाबा काय कमी! गावात येऊन चार दिवस लोकांच्या गप्पा ऐकल्या आणि आपलं सोंग त्याच मापाने शिवून घेतलं. कापसाच्या मुलखात गेला असता तर त्याने छातीतून बोंडअळी काढून दाखवली असती.

"आन पोरगा झोपते बाई आता," सुमित्राबाई मध्येच म्हणाल्या. आईचा आवाज रडवेला होता. "आधी रातभर उठून बसे. माह्या मांडीवर डोकं ठेवून हाफत राहे. आता धुनीचा दम घेतला का कसा शांत झोपते."

दुर्गेश्वरी ताठ बसली. "दम? कायचा दम?"

मग एकेक बाहेर आलं. फडकं हा सगळ्यांसाठीचा चमत्कार होता. 'भारी केस' असली की बाबा तिला पडद्यामागे नेत आणि जडीबुटीची चिलीम पाजत. धुरानेच धूर निघतो म्हणे, काट्याने काटा काढावा तसा. आणि दम आत घेतला की जीव जाईस्तोवर रोखून धरायचा, कारण जेवढा रोखाल तेवढा गाळ सुटतो.

दुर्गेश्वरीने भावाकडे पाहिलं. हेमेंद्र जमिनीवरची काडी उचलून ती मोडत बसला होता. त्याने वर पाहिलंच नाही.

"बा, उद्यापासून त्याले तिथं नेऊ नोको."

"घरातला कर्ता मी आहो," उदाराम म्हणाला आणि खांद्यावर दुपट्टा टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुर्गेश्वरी मांडवाची नीट पाहणी करायला गेली. दारातच पाटी होती: 'लोखंड आत आणू नये.' शेतावरून आलेल्या बाया आपले विळे बाहेर ठेवत होत्या, माणसं किल्ल्यांचे जुडगे काढत होती. सुनेला घेऊन दरेकसाहून आलेला चैतराम आपली कुऱ्हाड झाडाला टेकवून कुरकुरत होता.

"कायले जी लोखंड नाई चालत?" त्याने विचारलं.

"लोहा मंत्र पी जाता है," दुर्गाप्रसादने डोळे मोठे केले. "बाबाजी ने कचारगड की गुफा में बारा साल..."

"गुफेत?" चैतराम म्हणाला. "आमी दर माघ पुनवेले जातो तिथं. हे दाढी तं कवा दिसली नाई."

"सूक्ष्म रूप में थे."

"अस्सं," चैतराम म्हणाला आणि मुकाट्याने आत गेला, कारण सुनेचा खोकला काही सूक्ष्म रूपात नव्हता.

दुर्गेश्वरी मात्र त्या पाटीपाशी थबकली. मंत्र पितळ पीत नाही, तांबं पीत नाही, चांदीची जोडवी पीत नाही. फक्त लोखंड पितो. हा मंत्र आपल्या वर्गात कुठेतरी भेटला आहे, असं तिला वाटू लागलं. तिने रांगेत उभं राहून प्रसाद मागितला. पीतांबराचे ओले तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी न्यायला मिळत. तो तुकडा तिने घरी आणला आणि आईच्या भाजी चिरायच्या विळ्यावर ठेवला.

विळ्याच्या पात्याची काळी रेघ फडक्यावर उमटली.

"माय, पाय इकडं," तिने हाक मारली. "तुह्या विळ्याच्या छातीत गाळ भरला."

सुमित्राबाईंनी फडकं हातात घेतलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "अवो, हे तं हिरड्याचं पानी होय! लोखंडी कढईत टाकलं का काळंच होते ते."

बस, एवढंच होतं. हिरड्याचं पाणी आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते. जुन्या काळी दौतीत हीच शाई असायची. फडकं हिरड्याच्या पाण्यात भिजवलेलं, आणि भस्मजलात विरघळलेलं हिराकस. ते हिराकस तरी कुठून शोधायचं? दुर्गेश्वरीने कोठारातली पिशवी काढली. धानाचा पऱ्हा, म्हणजे लावणीची रोपं, पिवळा पडला की गावातला प्रत्येक शेतकरी फवारतो तेच ते, फेरस सल्फेट. चिमूटभर पाण्यात टाकलं, पाणी हाताला लावलं, वरून फडकं ठेवलं. सुमित्राबाईंच्या डोळ्यांपुढे पोरीच्या तळहातातून चाळीस वर्षांचा गाळ निघाला.

संध्याकाळी तिने हाच प्रयोग बापाला करून दाखवला. उदारामने फडकं उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "तुहं पानी काळं झालं म्हनून बाबाचं खोटं कसं? देवळात दिवा लागते आन घरातही लागते."

आता याला काय म्हणावं! झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. पण उदाराम सोंगही घेत नव्हता. तो भ्यायला होता. बाबा खोटा निघाला तर मागे उरणारं डॉक्टरचं वाक्य त्याला सोसणार नव्हतं, आणि हे दुर्गेश्वरीला समजलं म्हणून ती भांडली नाही. तिने आढ्याला टांगलेल्या शिंक्यातून एक भोपळा काढला.

सकाळी मांडवात ती बसली तेव्हा मांडीवर शालीत गुंडाळलेलं, झबलं घातलेलं, टोपडं बांधलेलं काहीतरी होतं. तिच्या शेजारी गावातली आशा सेविका रीता होती आणि तिने हसू दाबण्यासाठी पदराचा बोळा तोंडात धरला होता. उदाराम हेमेंद्रला घेऊन त्याआधीच पडद्यामागे गेला होता.

"किसका बच्चा है?" दुर्गाप्रसादने विचारलं.

"नणंदेचं जी. रात्रीपासून हूं की चूं नाही. तोंड नका उघडू, वारं लागेल."

"बाप पीता है?" पडद्यामागून नुकतेच येऊन गादीवर बसलेल्या बाबांनी डोळे न उघडताच विचारलं.

"बाप दिवसभर पडूनच असतो, महाराज."

"और माँ?"

"तिला कशाचं भान नाही. मांडवावर चढून बसते."

"राम राम राम," बाबा कळवळले. "बाप का धुआँ बच्चे में! मी बघितलं, मला सगळं दिसलं." भस्मजल शिंपडलं गेलं. पीतांबर झबल्यावर अंथरलं. "निकल! निकल बाहेर!" झबलं आणि फडकं मिळून असं काळंकुट्ट झालं की बायांनी हाय खाल्ली. बाबांनी फडकं उंचावलं. "गर्भातच धूर गेला आहे! सात पिढ्यांचा गाळ आहे हा! और देर होती तो बच्चा हाथ से जाता!"

"वाचला म्हणायचा मग," दुर्गेश्वरी म्हणाली आणि तिने शाल काढली. टोपडं काढलं. झबलं काढलं. आणि चांगला पिकलेला लाल भोपळा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला.

क्षणभर मांडवात कढईतल्या भज्यांचा आवाज ऐकू आला.

"सांगा महाराज," ती म्हणाली, "या भोपळ्यानं किती चिलमा ओढल्या?"

रीताच्या तोंडातून पदर निसटला. ती जी हसत सुटली, तिच्यामागून मांडव हसला, अगदी केशोराव खोकता खोकता हसले. पण बाबा कसलेले. त्यांनी एक हात वर केला. "बेटी, वनस्पतीतही प्राण असतो. भोपळाही श्वास घेतो." आणि काय सांगावं, चार-पाच हात जोडलेही गेले! माणसाने अक्कल गहाण टाकायची ठरवली की तो भोपळ्यालाही नमस्कार करतो.

"चैतरामदादा, तुमची कुऱ्हाड आणा," दुर्गेश्वरी म्हणाली.

चैतराम आजही सुनेला घेऊन आला होता. त्याने कुऱ्हाड आणली. दुर्गाप्रसाद "लोहा नहीं, लोहा नहीं" करत आडवा आला, पण चैतरामने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो बाजूला झाला. दुर्गेश्वरीने बाबांच्याच रांजणातून बाबांचंच फडकं काढून पात्याला गुंडाळलं. ना भस्मजल, ना मंत्र. थोड्या वेळाने उलगडलं तर पात्याची काळी छबी त्यावर उतरली होती. मग तिने शाळेत सांगते तसं सांगितलं: रांजणात हिरडा आहे, झारीत तुमच्याच पऱ्ह्यावर फवारायचं हिराकस आहे, दोन्ही भेटले की शाई होते. म्हणून इथे लोखंड चालत नाही. लोखंड मंत्र पीत नाही, लोखंड चहाडी करतं. या मठात विळ्याचं आणि भोपळ्याचं एवढं वाकडं का होतं, ते आता लोकांना कळलं.

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. उदाराम बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"फडकं खोटं असन," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मान्य करतो. पन पोराले आराम पडते ना? ते का खोटं आहे?"

त्या मांडवात इतक्या महिन्यांत विचारला गेलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. पण दुर्गेश्वरीचं लक्ष बापाच्या मागे उभ्या असलेल्या भावाकडे गेलं होतं.

हेमेंद्र हसत होता. डोळे अर्धे मिटलेले, एक हात बरगडीवर. "ताई, लय हलकं वाटून राहिलं," तो म्हणाला. त्याचे ओठ जांभळे पडले होते.

रीता हसायची थांबली. तिने पिशवीतलं बोटाला लावायचं यंत्र काढून त्याच्या बोटाला लावलं. कोरोनाने आपल्या गावांना एक गोष्ट मात्र शिकवली, हे यंत्र वाचायला. उदारामने स्वतःचा भाऊ त्या साथीत घालवला होता. आकडा नव्वदच्या खाली गेला की गाडी काढायची, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. यंत्रावर ब्याऐंशी होते.

"बिघडलं असन," उदाराम म्हणाला. त्याने ते ओढून स्वतःच्या बोटाला लावलं. सत्त्याण्णव. पुन्हा पोराच्या बोटाला लावलं. आता ऐंशी.

"बा," दुर्गेश्वरी म्हणाली, "गाळ नाई बा तो. पाळ फुटली. आधीच पातळ झाली होती, आन या मानसानं दम रोखाले लावून लावून ते फोडली."

"मंग त्याले समजत काऊन नाई? हासून राहिला तो!"

"त्या चिलमीत जे आहे ते समजू देत नाई म्हनून. चोर नाई गेला बा. राखनीच्या कुत्र्याले अफू चारली."

गाळ भरला तर माणूस मुहूर्त बघू शकतो. पाळ फुटली की धावतो. उदारामला हे रक्तातच माहीत होतं. तो मांडवापुढे लावलेल्या काळ्या काचांच्या गाडीपाशी गेला आणि आत एसी लावून बसलेल्या गोंदियाच्या शेठला दंडाला धरून खाली उतरवलं. "चाबी दे, नाई तं तूच चालव," तो म्हणाला. शेठने मुकाट गाडी चालवली. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातून काही पुण्य घडलं असेल.

गोंदियाच्या दवाखान्यात हेमेंद्रच्या बरगड्यांमधून नळी घातली. नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात होतं आणि पाण्यात बुडबुडे येत होते. फुप्फुसातून फुटून बाहेर आलेली, छातीत अडकून बसलेली हवा होती ती. डॉक्टरीण बाईंनी फोटो उजेडाला धरला. एका बाजूचं फुप्फुस मिटून मुठीएवढं झालं होतं. दुसऱ्याच्या वरच्या भागात मोठमोठी भोकं होती.

"ही भोकं बुजतील?" उदारामने विचारलं.

"नाही काका. धूर बंद केला तर वाढणार नाहीत. तेवढंच आपल्या हातात आहे. अजून थोडा उशीर झाला असता, तर तेवढंही नव्हतं."

उदारामने मान हलवली. नागपूरच्या डॉक्टरनेही हेच सांगितलं होतं, फक्त तेव्हा भोकं लहान होती. तो व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुर्गेश्वरी भावाच्या उशाशी बसली. नशा उतरली होती. आता त्याला दुखत होतं, आणि दुखतंय म्हणून ती देवाचे नाही, पण नळी घालणाऱ्या हातांचे आभार मानत होती.

"ताई," हेमेंद्र म्हणाला. प्रत्येक शब्दामागे थांबावं लागत होतं. "मले पहिल्याच दमात समजलं होतं. चिलमीतल्या गांज्यात गर्द होतं. नागपुरात पन्नीवर ओढत होतो, तेच. बाबा खोटा आहे, हे गावात सर्वांच्या आधी मले मालूम होतं."

"मंग बोलला काऊन नाई रे?"

"बोललो असतो तं भेटलं नसतं."

बाटलीतलं पाणी बुडबुडत राहिलं.

तक्रार द्यायला उदाराम स्वतः ठाण्यात गेला. पोरावर दमा झाल्याचं पांघरूण घालणारा हाच माणूस, तिथे सगळ्यांसमोर म्हणाला, "माहा पोरगा गर्द पेत होता. ह्या मानसानं देवाच्या नावानं त्याले तेच पाजलं. लिवा." मांडवातून हिरड्याचं पोतं निघालं, हिराकसची पिशवी निघाली, धुनीच्या राखेखालून पुड्या निघाल्या. पळून गेलेले बाबा दोन दिवसांनी दाढी उतरवलेल्या अवस्थेत सापडले. त्यांच्या झोळीत दम्याचा पंप होता, शहरातल्या चांगल्या डॉक्टरने लिहून दिलेला. श्वासेश्वर महाराजांना जुना दमा होता आणि धुराची त्यांना फार ॲलर्जी होती. आपल्या चिलमीला त्यांनी स्वतः कधी तोंड लावलं नव्हतं. गावातल्या सगळ्यांत शहाण्या रोग्याचा मान त्यांनाच द्यायला हवा.

हेमेंद्र व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. पावसाळा सरल्यावर दुर्गेश्वरी त्याला आपल्या शाळेत घेऊन गेली. वर्गात तो खुर्चीवर बसला, कारण दारापासून तिथपर्यंत चालण्यातच त्याला धाप लागली होती. दुर्गेश्वरीने हिरडा आणि हिराकसाची शाई करून दाखवली. भोपळ्याची गोष्ट सांगितली. पोरं बाकं बडवून हसली.

"आता दुसरा चमत्कार," ती म्हणाली. तिने आगपेटीतली काडी पेटवली आणि हेमेंद्रच्या तोंडापासून हातभर लांब धरली. "फुंक."

हेमेंद्रने छाती भरून घेतली आणि फुंकलं. ज्योत जराशी वाकली आणि सरळ झाली. त्याने पुन्हा फुंकलं. पुढच्या बाकावरची नीतू खुदकन हसली. तिला वाटलं, दादा नाटक करतोय. तिसऱ्यांदा त्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, तेव्हा ती गप्प झाली. काडी जळत जळत दुर्गेश्वरीच्या बोटांपर्यंत आली आणि तिला ती खाली टाकावी लागली.

"पाहून घ्या," हेमेंद्र धापा टाकत म्हणाला. "बाबानं केलेला खरा चमत्कार हाच आहे. पंचवीस वर्सांचा मानूस, काडी विझत नाई. कोनी काई पाजाले आला, मंग तो मित्र असो का महाराज, हात पुढं करायच्या आधी विचारा, यात का आहे? सांगत नसन, तं उठून या. मले ठाऊक होतं, तरी मी उठलो नाई."

दुर्गेश्वरीने दुसरी काडी पेटवली आणि नीतूपुढे धरली. नीतूने आधी हेमेंद्रकडे पाहिलं, मग एका साध्या फुंकरीत ती विझवली.